बोटीवरचे म्हातारे

अमरसिंहनं आईला, हौसाक्कांना, जर्मनीला नेऊन आठवडाभर नदीतल्या बोटीत फिरवलं. दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे, आणि बोट थांबेल त्या गावात वाइन. मंगळवार पेठेतल्या घरी परतल्यावर मात्र हौसाक्कांनी जे अंथरूण धरलं, ते सोडेनात.

त्यात वडलांचं, आण्णांचं, श्राद्ध आलं. लेक अनुजा फोटोला हार घालत होती.

"आई, तिकडं सगळी पीतच असत्यात म्हणं?"

"व्हय. म्हातारीकोतारी बी दुपारपास्नं पेला घेऊन बसत्यात."

"मग रातच्याला दंगा?"

"कसला दंगा. पेला संपला की म्हातारा उठायचा, बायकोच्या अंगावर शाल घालायचा आन् हात धरून तिला खोलीत न्यायचा. रोज बघितलं."

अनुजानं हार सारखा केला. "आपलं आण्णा बी माणूस म्हणून चांगलंच हुतं. तूच सांगायचीस की, सगळं दारूनं केलं."

हौसाक्का आपलं एकदा मोडून वाकडंच जुळलेलं मनगट चोळत राहिल्या. मग भिंतीकडं कूस वळवून म्हणाल्या, "उगंच दारूला बोल लावला ग मी जल्मभर."