पहिलं पान

"काका, नव्या मशीनच्या ट्रेनिंगला सुपरवायझरना पाठवतोय," मॅनेजरच्या खुर्चीतून उन्मेष म्हणाला. "तुमची ती अभ्यासाची वही तेवढी त्यांना द्या."

शिंत्रेकाकांनी हातातली वही मागं घेतली. सव्वीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे पोलादी साचे, बनवणारा, केसाएवढा चराही नुसत्या नखानं ओळखणारा हा माणूस. ही मशीन यावी म्हणून चार वर्षं अर्ज करत होता तोही हाच.

"मी का नाही?"

"दोनदा सुपरवायझर व्हायला नाही म्हणालात. मोठ्या साहेबांना वाटतं, तुम्हाला पुढं जायची हौसच नाही."

"रजेचे अर्ज मंजूर करायची हौस नाही रे. या मशीनची आहे. तुला ठाऊक होतं. सांगितलंस साहेबांना?"

उन्मेष मोबाइल चाळू लागला.

काकांनी वही उघडली. पहिल्या पानावर त्या मशीनचं पेन्सिलनं काढलेलं चित्र होतं. खाली अक्षर उन्मेषचं, काकांच्या हाताखाली शिकत होता तेव्हाचं: 'ही आली की पहिला डाय काकांचा.'

ते पान त्यांनी अलगद फाडून उन्मेषच्या टेबलावर ठेवलं.

"या वहीत तुझं एवढंच होतं," ते म्हणाले, आणि वही काखेत मारून टूलरूमकडं निघाले.