चौथं बटण

लोकरीच्या दुकानात पाऊल टाकताच मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी विणकामाच्या फोरमवर टाकलेला स्वेटरचा फोटो भिंतभर झळकत होता; कोपऱ्यातलं त्यांचं नाव सफाईने कापलेलं होतं. “फोटो माझा आहे, उतरवा,” त्यांनी सुनावलं. गिऱ्हाइकांसमोर दुकानदार गोड हसला. “मावशी, स्वेटर आमच्या कारागिराने विणलाय.” “मग चौथं बटण हिरव्या दोऱ्याने का शिवलंय?” साऱ्या माना फोटोकडे वळल्या. “ती... फॅशन आहे,” दुकानदार चाचरला. “डोंबलाची फॅशन! पांढरा दोरा संपला होता माझा.” मावशींनी अंगावरचा कोट उघडला. आत तोच स्वेटर, त्या बटणासकट! दुकानात हशा पिकला. दुकानदार मुकाट्याने शिडीवर चढला. “जपून काढा,” मावशी खालून म्हणाल्या, “घरी नेणार आहे.” पुढच्या स्वेटरवर मावशींनी नाव थेट छातीवर विणलं. फोरमवर फोटो टाकून खाली लिहिलं, “घ्या, आता कापा!”