साडेसहाची गळती

प्रशिक्षिकेने तक्त्यातल्या संध्याकाळी साडेसहाच्या चौकटींना लाल रंग दिला. सोमवार ते रविवार, सातही दिवस.

"ही रोजची चाळीस मिनिटं कुठे जातात?"

"बाबांचा फोन असतो."

"काही तातडीचं?"

"नाही. वॉशिंग मशीनचं कुठलं बटण दाबू, तापवलेलं दूध बाहेर किती तास टिकेल, असं."

"म्हणजे गळती," प्रशिक्षिका म्हणाली. तिच्याकडे तीन रंग होते. हिरवा स्वतःच्या वाढीसाठी, पिवळा टाळता न येणाऱ्या कामांसाठी आणि लाल गळतीसाठी.

तक्ता जिचा होता, तिला पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं झाली होती. काचेच्या ताटल्यांवर उगवलेले जिवाणूंचे ठिपके मोजायचे आणि आकडा लिहायचा, हे तिचं काम. आता विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. बढतीच्या परीक्षेला बसायची वयोमर्यादा पंचेचाळीस. ती चव्वेचाळीसची होती आणि याआधी दोनदा नापास झाली होती. म्हणून तिने वेळेच्या नियोजनाचा हा वर्ग लावला होता.

बाबांचे फोन आठ वर्षांपूर्वी सुरू झाले. नवऱ्याचं घर सोडून ती एकटी राहायला लागली त्याच महिन्यात. आई आदल्या वर्षी गेली होती. काही माणसांना एकटेपण उशिरा जाणवतं, असं ती तेव्हा धरून चालली. दादा-वहिनी बाबांच्या वरच्याच मजल्यावर राहत, पण सुनेला बारीकसारीक विचारायचं म्हणजे बाबांना संकोच.

"तुला त्रास देतोय खरा," ते म्हणत. "पण तुझ्यासारखं नीट कोणी सांगत नाही."

ती नीट सांगे. सांगता सांगता तिची भाजी चिरून होई. दुधावरून विषय प्रयोगशाळेवर जाई, तिथून साहेबांवर. फोन ठेवताना सव्वासात वाजायला आलेले असत.

फोन बंद करा, असं तोंडावर सांगणं तिला जमेना. तिने प्रयोगशाळेतलाच उपाय केला. तिथे प्रत्येक कामाची लेखी कार्यपद्धती असते. ती नीट लिहिलेली असली की कोणी कोणाला काही विचारत नाही. तीन रविवार बसून तिने बाबांच्या एकशे बारा प्रश्नांची उत्तरं लिहून काढली. विषयवार, क्रमांक घालून, मोठ्या अक्षरांत. फाइल घेऊन ती त्यांच्याकडे गेली.

बाबांनी चष्मा लावला आणि एकेक पान उलटलं. घाई केली नाही.

"अनुक्रमणिकासुद्धा?" ते म्हणाले. "अगं, चौकशीच्या खिडकीवर हवी होतीस तू. खिडकीच बंद पडली असती."

"परीक्षा होईपर्यंतच, बाबा. रविवारी बोलू की. दहा मिनिटं."

"बरं."

"आणि यात नसलेलं काही अडलं तर..."

"अडायला जागाच ठेवली नाहीस," बाबा म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

तक्त्यातली चाळीस मिनिटं हिरवी झाली. ती अभ्यास करत राहिली. रविवारचा फोन दहा मिनिटांवरून चारवर आला.

"ठीक?"

"ठीक. तुमचं?"

"चाललंय."

एका सोमवारी प्रयोगशाळेत "नमुने आले का?" असं विचारताना तिचा आवाज घोगरा निघाला.

"सर्दी का?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"नाही."

तिने मनातल्या मनात हिशेब केला. शुक्रवार संध्याकाळपासून आत्तापर्यंत ती फक्त ती चार मिनिटं बोलली होती. आकडा बरोबर होता. तिने पहिली ताटली उचलली.

परीक्षेत ती पास झाली. यादीत पहिली आली. दाराबाहेर तिच्या हुद्द्याची पाटी लागली. प्रशिक्षिकेने तिचा तक्ता नव्या वर्गाला दाखवला. "बघा, एकही लाल चौकट नाही."

त्या संध्याकाळी साडेसहाला अभ्यास नव्हता. ती टेबलाशी बसली. सव्वासातला उठून दिवा लावला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्या चौकटींना कुठला रंग द्यायचा ते तिला कळेना, म्हणून तिने त्या कोऱ्याच ठेवल्या. चौथ्या दिवशी तिने ठरवलं की फोन पुन्हा सुरू करायचे. तेवढाच बाबांचा वेळ जाईल.

रविवारी ती सांगायला गेली. दार उघडंच होतं. खोलीच्या मधोमध एक वॉशिंग मशीन आडवं पाडलेलं होतं आणि त्याची मोटर काढून वर्तमानपत्रावर ठेवलेली होती. वहिनी खुर्चीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"या, साहेब!" वहिनी म्हणाली. "बाबा स्क्रू आणायला गेलेत. येतील इतक्यात."

"हे कोणी उघडलं?"

"कोणी म्हणजे? त्यांनीच. समोरच्यांचं आहे. अख्ख्या इमारतीची मशीनं तेच तर दुरुस्त करतात, वर्षानुवर्षं."

ती मोटरीकडे बघत उभी राहिली. तारांना कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, एक ते सहा.

"वहिनी, मी सांगायला आले होते," ती म्हणाली. "परीक्षा झाली. आता मला वेळ आहे. त्यांना म्हणावं, पूर्वीसारखा रोज फोन करा. काय अडेल ते विचारा."

"नको गं बाई!" वहिनी हसायलाच लागली. "आत्ता कुठे सुटलेय मी. आठ वर्षं, बाबा रोज चारच्या ठोक्याला जिना चढून वर हजर. 'सूनबाई, आज हिला काय विचारू? मशीनचं झालं, दुधाचं झालं. अवघड नको. तिला येईल असंच काहीतरी सांग, म्हणजे बोलेल ती.'"