टाचणीचं कौतुक

दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून शिंपी नवरा शिवणकामाच्या ऑनलाइन गटाचा विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा माहितीकोश, सांभाळत होता. कोणी किती लिहिलं यावर त्याची बारीक नजर असे, आणि दोन ओळी खरडणाऱ्यालाही तो तोंड भरून शाबासकी देई. जन्मभर त्याच्या शेजारी बसून काज-बटणं केलेल्या बायकोला मात्र त्याने कधी 'छान' म्हटलं नव्हतं.

शेवटी जळफळून तिनेच 'टाचणी' या टोपणनावाने कॉलर बसवायची आपली युक्ती तिथे लिहिली.

सकाळी फोन तिच्यापुढे धरत तो म्हणाला, "या टाचणीला म्हटलंय, रोज लिहा. असं कसब तुझ्यात असतं, तर आपलं दुकान कुठल्या कुठे गेलं असतं."

टाचणीच्या नावाने बोटं मोडत ती उठली आणि दुसरा लेख लिहायला बसली.