एक जुडी जास्त

मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का मारून ग्रामसेवकानं तो शकुनच्या हातात दिला. तिनं वडिलांचं, नत्थुजींचं, नाव एकदा वाचलं, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये पुण्याच्या दोन तिकिटांशेजारी ठेवली. गाडी संध्याकाळी मूर्तिजापूरहून होती. एक तिकीट तिचं, एक आईचं. आई, दुर्गाबाई, दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पुण्याला येते की नाही, यावर नत्थुजी गेल्यापासूनच्या सोळा दिवसांत ती एक शब्द बोलली नव्हती.

"नत्थुजी काकांनी यंदा आमची पंचाईत केली, ताई," ग्रामसेवक म्हणाला आणि त्यानं गावाच्या आराखड्याचं बाड तिच्याकडं फिरवलं. इतिहासाच्या रकान्यात जुन्या गॅझेटिअरमधल्या दोन ओळी होत्या: काळी जमीन, कापूस, मंगळवारचा बाजार. घरपट्टी, पाणीपट्टी, निधी, सगळं भरलेलं होतं. लोकसंख्येचा रकाना तेवढा कोरा. जनगणनेचा आकडा जुना झाला होता. त्यातली कितीतरी माणसं आता सुरतेला नि नाशकाला होती.

शेजारी गावची आशा सेविका पिंकी आपलं रजिस्टर घेऊन बसली होती. तिनं सांगितलं की तिचा आकडा तयार असायचा, पण दरवर्षी तो नत्थुजींकडून तपासून घ्यायचा रिवाज पडला होता. ते भाजी विकायची सायकल भिंतीला टेकवायचे, उंबऱ्यावर बसून डोळे मिटायचे आणि आकडा सांगायचे. दोन-तीनचा फरक निघायचा, आणि शोध घेतला की चूक रजिस्टरची असायची.

राज्यं माणसं कशी मोजत आली, यावर शकुननं पुस्तकं वाचली होती. आपल्या घरातला माणूस गाव मोजतो, हे तिला माहीत नव्हतं.

"लिहून घे," दुर्गाबाई म्हणाली.

तिनं पिशवी खाली ठेवली. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट जुळवून मोकळ्या हवेत एक कडं केलं. "वेशीपासून धर. चंदनचं घर. सहा होते, पोट्टा सुरतले गेला, पाच." कडं जरासं आवळलं. उजव्या हातानं तिनं त्याला न दिसणारं केळीच्या सालीचं सोपट दोनदा गुंडाळलं, ओढलं आणि ती जुडी बाजूला ठेवली. मग पुढचं घर.

चाळीस वर्षं रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर नत्थुजी उद्याच्या फेरीची घरं सांगायचे आणि ती भाजीच्या जुड्या बांधायची. जितकी तोंडं, तितकी मूठ. यातल्या निम्म्या घरांत तिनं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं.

ती एकेक गल्ली घेत गेली. माणसांबरोबर ते सगळं येत गेलं ज्याला आराखड्यात रकाना नव्हता. सोयाबीन सडलं तेव्हापासून कोणाची मेथी निम्मी झाली. भाव वाढायच्या आशेनं घरात कापूस दाबून कोण दोन महिने नुसत्या बटाट्यावर आहे. कोणाची लेक सासरहून आली आणि जुडी मोठी झाली ती झालीच, आणि नत्थुजींनी त्या दारात कधी विचारलं नाही. कोणतं कुलूप फक्त मतदानाला उघडतं. ग्रामसेवकाचा कागद भरला तेव्हा तो मागच्या बाजूवर लिहू लागला. घरपट्टी भरायला आलेली माणसं दारातच थांबली होती. सत्यवतीचं घर आलं तेव्हा सत्यवती त्याच घोळक्यात उभी होती. आपली जुडी बांधली जाताना तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

शकुन आईच्या बोटांकडं बघत राहिली. ती बोटं तिला जन्मापासून ठाऊक होती.

शेवटचं घर त्यांचं स्वतःचं. दुर्गाबाईचे हात क्षणभर थांबले. मग तिनं आकडा न बोलता गाठ ओढली.

"झालं. बाराशे सात."

पिंकीनं रजिस्टरमध्ये पाहिलं. तिच्याकडं बाराशे सहा होते. तिनं शकुनकडं पाहिलं. दोघींच्या मनात एकच आलं.

"मावशी," पिंकी हळूच म्हणाली, "काकाले धरलं का?"

शकुन उठली. राहू दे, गाडीची वेळ होईल, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं.

"नाई," दुर्गाबाई म्हणाली. "बुढा गेला तो गेला. आमचं घर, एक."

एक. शकुनचा हात पर्सवर होता, तो तिथंच राहिला. पुण्याला जाणाऱ्या बाईनं आपल्या घरी शून्य सांगितलं असतं.

"मंग जास्तीचा कोन?" ग्रामसेवकानं विचारलं.

"जायच्या आदल्या संध्याकाळी बुढा मले म्हने, एका घरची सून आंबट चुका मागून राहिली. रोज. म्हने, उद्यापासून तिथं चुक्याची एक जुडी वाढव."

पिंकीनं रजिस्टरची पानं भराभर उलटली. गरोदर बायांची यादी तिनं दोनदा वाचली. "माह्या यादीत तर नाई कोनी नवीन. कोनाचं घर, मावशी?"

"तीन महिने होऊ दे. तवा सांगीन."

दारातल्या बायांनी एकमेकींकडं पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या. ग्रामसेवकाचा पेन कोऱ्या रकान्यावर अडला होता. जन्माला न आलेलं माणूस धरता येत नाही, असं तो म्हणाला, पण बाराशे सहाही त्यानं लिहिलं नाही.

दुर्गाबाईनं पिशवी उचलली. पायरी उतरता उतरता ती वळली.

"तुले नसन धराचं तर नको धरू, बाप्पा. आमाले तर जुडी बांधाच लागते."