सखाच्या पोटातल्या पिना

यंत्र सखाच्या पोटावर आलं आणि वाजलं.

"ऐकलंस? पिना हजेरी लावतायत," सखा म्हणाला.

गेटवरच्या पुंडलिकनं ते काळं दांडकं पुन्हा फिरवलं. छातीवर गप्प. पाठीवर गप्प. बेंबीपाशी आलं की परत बोंब. मागं रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

रोह्याच्या त्या कंपनीत नळाचे पितळी कॉक बनायचे. शिफ्ट सुटली की वॉचमन प्रत्येकाच्या अंगावरून यंत्र फिरवायचा. वाजलं की माणूस बाजूला, झडती. एकटा सखा वाजत वाजत बाहेर पडायचा. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी पेणला त्याचं आतडं कापून मशीननं जोडलेलं. स्टेपलर. कागदाला मारतात तसाच, फक्त माणसाला मारलेला.

"खोकलास की हलत नायत?" पुंडलिकनं विचारलं.

"हलतात ना. पण शिस्तीच्या हायत. लगेच परत रांगेत. हात लावून बघ."

पुंडलिकनं शर्टावरून हळूच हात ठेवला. पोटाला पट्टा होता आणि पट्ट्याखाली दगडासारखं कडक लागलं. त्यानं हात काढला आणि नकळत कपाळाला लावला. जिवंत माणूस, हसतोय, डबा खातोय, आणि आत धातूची शिवण. देव काय एकेक डोकी बनवतो.

नवीन सुपरवायझर प्रविण आला तेव्हा त्यानं मात्र सखाला अडवलं. "शर्ट वर करा."

सखानं केला. पट्ट्याच्या वर ऑपरेशनच्या खुणेचं टोक दिसत होतं.

"पट्टापण सोडतो, साहेब. फक्त आतडं बाहेर आलं तर जरा धरा. निसटतं."

प्रविण मागं सरला.

"सोडा त्याला, साहेब," पुंडलिक म्हणाला. "माझी जबाबदारी. तो आतनं वाजतो."

पुंडलिकला सखाचं एवढं अप्रूप वाटायला कारण होतं. त्याच्या स्वतःच्या आतड्यात गाठ निघालेली. पेणच्या डॉक्टर सुरभींनी सांगितलं होतं, तेवढा भाग लवकर काढला नाही तर आतडं बंद पडेल, मग घाई होईल आणि घाईत माणूस हातचा जातो. पण मेव्हण्यानं मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवलं. म्हणे ते स्टेपलर कधी कधी अडकतं, पिना नीट वळत नाहीत, शिवण गळते आणि घाण पोटात पसरते. तेव्हापासून पुंडलिक ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हता. बायको काशीबाई समोर ताट ठेवायची आणि तो दोन घास खाऊन उठायचा.

"अरे, माझ्याकडं बघ," सखा म्हणाला. "मी मेलो काय? उलट ते यंत्रच माझं गाणं म्हणतं."

"आज जास्तच वाजलं."

"काल मटण हाणलं. पोट फुगलं की पिना ताणतात."

पुंडलिकनं मान डोलावली. त्या संध्याकाळी तो घरी गेला, पोटभर जेवला आणि म्हणाला, "चल गो, जाऊ पेणला. सखाचं झालं, माझंबी होईल."

सकाळी सखानंच त्या दोघांना आपल्या नव्या कोऱ्या रिक्षातून स्टेशनवर सोडलं. भाडं घेतलं नाही.

पेणला डॉक्टर सुरभींनी टेबलावर मशीन काढून ठेवलं. लांब नळी, पिस्तुलासारखी मूठ. पुंडलिक खुर्चीच्या कडेवर बसून बघत राहिला. त्यांनी स्पंजचे दोन तुकडे मशीनच्या चोचीत धरले, मूठ दाबली. कर्रर्र. तुकडे एक झाले. पिनांच्या ओळी अशा, जशी पेरणीच केलेली.

"आई गं," काशीबाई हळूच म्हणाली.

"मोबाईलवर वाचलंत ते खोटं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आतड्याची जाडी बघून पिना निवडाव्या लागतात. चुकलं तर वळत नाहीत. मशीन अडकतंही. म्हणून शिवण झाली की ती गळते का ते आम्ही तिथंच तपासतो. आणि सुई-दोरा नेहमी हाताशी तयार असतो."

"अवो, विचारा ना काय विचारायचं ते," काशीबाईनं कोपर मारलं.

"गप गो. माझं ठरलंय." पुंडलिक डॉक्टरांकडं वळला. "मला सखासारखंच करा, बाई. मशीननं. त्याच्या पिनांवर माझा लय भरवसा."

"सखा? वरसे गावचे?"

"व्हय. रोज भेटतो."

डॉक्टर हसल्या. "मग तुम्ही घाबरायचं कारणच नाही. अहो, त्यांच्याच वेळी मशीन अडकलं होतं. अर्ध्या पिना वळल्याच नाहीत. तेवढा तुकडा पिनांसकट कापून टाकला आणि सगळं हातानं शिवलं. बघा, मशीन फसलं तरी माणूस कसा ठणठणीत."

काशीबाईनं हात जोडले. पुंडलिकचे हात मात्र मांडीवरच राहिले.

"मंजी, आता आत पिना किती?"

"एकही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "दोरा होता, तोही केव्हाच विरघळला."