अंगाईतली टर्रटर्र

"स्पीकरजवळचा मोबाईल आधी उचल, त्यानेच टर्रटर्र होतेय," असं आईने सकाळी फोनवर सांगितलं, तेव्हा लेकीने ते हसण्यावारी नेलं. "हल्लीच्या मोबाईलने तसं काही होत नसतं गं आई. वायरच कुठेतरी सैल असणार."

दुपारी बाळाला पाळण्यात ठेवून तिने मोबाईल सायलेंट करून स्पीकरमागे पालथा टाकला आणि कॉम्प्युटरवर अंगाई लावली. बाळाचा डोळा लागतो न लागतो तोच स्पीकर पुन्हा टर्रटर्र करू लागला. अंगाई बंद करावी तर बाळ उठणार, आणि चालू ठेवावी तर पाळण्याशेजारी ठिणगी उडायची भीती. तिने पिन घट्ट केली, प्लग दुसऱ्या बोर्डात लावला, पंखासुद्धा बंद केला. टर्रटर्र काही हटेना. शेवटी इलेक्ट्रिशियनला बोलवायला मोबाईल उचलून ती दाराशी आली, तर मागे अंगाई एकदम स्वच्छ ऐकू येऊ लागली. स्क्रीनवर आईचा फोन येत होता, आणि त्याच्याखाली आईच्याच मिस्ड कॉलची रांग.

"अगं, उचलत का नाहीस? त्या स्पीकरचा शॉक बसून पडलीस की काय, म्हणून जीव टांगणीला लागलाय इथे!"

"हळू बोल ना आई, बाळ झोपलंय माझं."

"तुझं झोपलंय गं. माझं काय करतंय, ते मला नको कळायला?"

तेव्हा तुमचाही स्पीकर कुरकुरत असेल, तर वायरी उपटण्याआधी आईला एक फोन लावा. ती बरी आहे ना, विचारा.